पॉनीच्या माळावर जाण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कोलोरॅडोतल्या पॉनी ग्रासलँडला पक्षी बघायला जाणार म्हणालीस. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरशील, म्हणून लिहूनच पाठवते.

तिथे पक्ष्यांच्या आधी गवत बघायचं. ब्लू ग्रामा आणि बफेलो ग्रास ही मुख्य गवतं मुळातच बुटकी, पण त्यातल्या चार बोटांच्या फरकावर कोणता पक्षी दिसणार ते ठरतं. गुरांनी चरून जमिनीलगत आणलेलं, मधून उघडी माती दिसणारं रान असेल तर टिटवीच्या कुळातला माउंटन प्लव्हर आणि चिमणीएवढा थिक-बिल्ड लाँगस्पर शोध. गवत जरा उंच आणि दाट झालं की चेस्टनट-कॉलर्ड लाँगस्पर. लार्क बंटिंग शोधावा लागत नाही. काळाभोर नर, पंखावर पांढरा ठसा, कुंपणाच्या तारेवर बसलेला दिसेलच. कोलोरॅडोचा राज्यपक्षी आहे, पण त्याच्यापायी सकाळ घालवू नकोस.

दोन्ही लाँगस्पर उडता उडता गातात, त्यामुळे लांबून घोटाळा होतो. शेपटी बघ: थिक-बिल्डच्या पांढऱ्या शेपटीवर काळा उलटा ‘टी’, दुसऱ्याच्या शेपटीवर काळा त्रिकोण. थिक-बिल्ड वर चढतो आणि पंख उंच धरून गात गात तरंगत खाली येतो. २०२० पर्यंत त्याचं नाव मॅककाउन्स लाँगस्पर होतं, तुझ्याकडच्या जुन्या पुस्तकात तेच असेल.

माउंटन प्लव्हरला मात्र चिकाटी हवी. पाठ हुबेहूब मातीच्या रंगाची, त्यामुळे तो पाठमोरा झाला की डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. इंजिन बंद कर (नाहीतर दुर्बीण थरथरते) आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश नजर फिरव. दहा मिनिटं तरी थांब. थोडं धावणं, थबकणं, पुन्हा धावणं ही त्याची चाल, अगदी आपल्या माळावरच्या धाविकासारखी. छातीवर दोन काळे पट्टे दिसले तर तो किलडिअर. प्लव्हरची छाती कोरी असते.

गाडीतून उतरू नकोस. गाडीला पक्षी फारसे बुजत नाहीत, माणसाला बुजतात. प्लव्हरचं घरटं म्हणजे उघड्यावरचा उथळ खळगा, त्यात बहुधा तीन अंडी. उन्हात पक्षी अंड्यांवर उभा राहून सावली धरतो. तू जवळ गेलीस की तो बाजूला होणार आणि अंडी तापणार.

साडेपाचला उजाडतं, तेव्हा तू माळावर हवीस. नऊनंतर जमीन तापून हवा लहरायला लागते आणि स्कोपमधून सगळं उकळत्या पाण्यासारखं दिसतं.

प्रेअरी डॉगच्या (खारीच्या कुळातले, बिळं करून राहणारे प्राणी) वसाहतीत मातीच्या उंचवट्यांवर बरोइंग आउल बघ. आपल्या पिंगळ्याचाच भाऊबंद, फक्त पाय लांब. तिथे तो बिळं स्वतः खणत नाही, प्रेअरी डॉगची आयती वापरतो. प्लेगनं वसाहत संपली की काही वर्षांत बिळं ढासळतात आणि घुबडंही जातात. त्या प्लेगच्या पिसवा आणि बिळात शिरणारे रॅटलस्नेक, दोन्हींसाठी बिळांजवळ फिरकायचं नाही. प्रॉन्गहॉर्नचं (हरणासारखा प्राणी) पिल्लू गवतात एकटंच निपचित पडलेलं दिसलं तर ते पोरकं समजू नकोस. आई लांब चरत असते. हात लावू नका.

पॉनी ब्यूट्सजवळचे कडे शिकारी पक्ष्यांच्या विणीसाठी १ मार्च ते ३० जून बंद असतात. सरकारी आणि खासगी जमिनी बुद्धिबळाच्या पटासारख्या मिसळल्या आहेत, तेव्हा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घे. रेंज कुठे असते, कुठे नसते. फाटक जसं दिसेल तसंच सोडायचं, उघडं असेल तर उघडं.

दुपारी ढग चढले की परत फिरा. गारा पडतात, आणि कच्च्या रस्त्यांची चिकणमाती भिजली की चाकांना लपेटते, मग फोर-व्हील गाडीसुद्धा रुतते. टाकी ऑल्ट गावातच पूर्ण भर. तिथून हायवे १४ नं पूर्वेला ३५-४० किलोमीटरवर ब्रिग्जडेल. डबा तिथल्या क्रो व्हॅली कॅम्पग्राउंडवर कॉटनवुडच्या सावलीत खा. माळावर झाडं फारशी नाहीत, तिथे आहेत, त्यामुळे खाताना वरही बघत जा, ओरिओल पक्षी असतात.

तुझी,
आई