शिंगलच्या छपरावर प्रेशर मारलात आणि पोरं हार्नेसशिवाय वर चढवलीत, याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

पाचगणीच्या आमच्या बंगल्याचं शिंगलचं, म्हणजे एकावर एक बसवलेल्या डांबरी तुकड्यांचं, छप्पर साफ करायचं काम तुमच्या कंपनीला दिलं होतं, बिल, कोटेशन आणि फोटो सोबत जोडलेत. फोनवर सांगून झालं, पण "टेक्निशियनला विचारून कळवतो" याच्यापुढे तुमच्याकडून काही येत नाही, म्हणून आता लेखी देतेय आणि उत्तरही लेखीच पाहिजे.

कोटेशनच्या वेळी तुमचे सुपरवायझर स्वतः घरी येऊन बोलले होते की शिंगलवर आम्ही प्रेशर मारतच नाही, सॉफ्ट वॉश करतो, केमिकल फवारायचं, थोडं थांबायचं आणि साध्या पाण्याने धुवायचं. कोटेशनवर पण "सॉफ्ट वॉश" असंच छापलंय. प्रत्यक्षात आली दोन पोरं आणि सोबत सर्व्हिस सेंटरवर गाड्या धुतात तसला मोठा प्रेशर वॉशर. मी विचारलं तर म्हणाले ऑफिसने हाच दिलाय.

डांबरी शिंगलवर जे बारीक रंगीत खडे असतात ते शोभेसाठी नसतात हो, खालच्या डांबराला उन्हापासून तेच वाचवतात, ते गेले की डांबर उघडं पडून कडक होतं, तडकतं आणि शिंगलचं आयुष्यच कमी होतं. काम झाल्यावर गटरमध्ये हात घातला तर मूठभर राखाडी खडे हातात आले, डाऊनपाइपच्या खाली तर त्याचा ढीगच साचला होता, फोटो बघा. दक्षिणेकडच्या उतारावर नोझल जिथे जवळ धरलं तिथे काळे पट्टे दिसतायत आणि ते शेवाळ नाहीये, ते उघडं पडलेलं डांबर आहे. शिवाय पाणी खालून वर मारलंय, म्हणजे एकावर एक बसलेल्या शिंगलच्या आत पाणी घुसलं आणि त्यांना धरून ठेवणारी चिकट पट्टी सुटली, काही शिंगल बोटाने उचलल्या जातायत. त्यानंतर वळवाची एकच सर आली आणि हॉलच्या सिलिंगवर ओल उतरली, आतलं प्लायवुड फुगलंय. इथला जून-जुलैचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको, त्या पावसात हे छप्पर कसं टिकणार?

बरं, योग्य पद्धत काही गुपित नाहीये. अमेरिकेत डांबरी शिंगल बनवणाऱ्या कंपन्यांची जी संघटना आहे तिने सरळ सांगितलंय की कपड्याच्या ब्लीचच्या ताकदीचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि तेवढंच पाणी, 15 ते 20 मिनिटं ठेवायचं, मग कमी प्रेशरच्या पाण्याने धुवायचं, प्रेशर वॉशर अजिबात नाही. आपल्याकडे कॅनमध्ये मिळणारं हायपो त्याहून कडक असतं, म्हणजे पाणी अजून जास्त घालायला हवं. जाड शेवाळ त्याच दिवशी खरवडून काढायची पण गरज नसते, मेलं की वाळून पावसाबरोबर हळूहळू जातं. तुमच्या पोरांनी हायपो पाणी न घालता तसंच ओतलं, खालच्या झाडांना आधी पाणी मारलं नाही, नंतरही मारलं नाही, वळचणीखालची आईची सगळी हायड्रेंजिया करपली. आणि तरी शेवाळ निघेना म्हणून त्यातल्या एकाने ॲसिडची बाटली काढली! हायपोवर ॲसिड पडलं की क्लोरीन गॅस होतो, हे केमिकलचं काम करणाऱ्या कंपनीने पोरांना शिकवलेलं नसावं हे मला खरंच पटत नाही. आई तेव्हा व्हरांड्यातच बसली होती. मी बाटली काढून घेतली म्हणून निभावलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. छप्पर परत घालता येतं, पण त्यातलं एक पोरगं पायात रबरी स्लिपर घालून ओल्या शेवाळावर उभं होतं आणि कमरेला साधा सुती दोर, त्याचं दुसरं टोक सोलरच्या प्लास्टिक पाइपला बांधलेलं. तो पाइप माणसाचं वजन धरणार आहे का? कमरेला बांधलेल्या दोराने तर पडताना पोटाला आणि मणक्यालाच इजा होते, फुल बॉडी हार्नेस (खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारे पट्टे) त्यासाठीच असतो, आपल्याकडे त्याला आयएस 3521 हे स्टँडर्ड पण आहे. आणि त्याचा हुक आढ्याला पक्क्या बसवलेल्या अँकरला अडकवायचा, पाइपला नाही. शिडी गटरला टेकवलेली, वरचं टोक वळचणीच्या जेमतेम बरोबरीत, खाली धरायला कोणी नाही. शिडी वळचणीच्या निदान तीन फूट वर यायला पाहिजे आणि चार फूट उंचीला एक फूट या हिशोबाने पाया बाहेर पाहिजे, नाहीतर उतरताना माणूस धरणार कशाला? मी ओरडून त्याला खाली बोलावलं तर म्हणतो, "ताई, रोजचंच आहे, काही होत नाही." हार्नेस कुठंय विचारलं तर एकच आहे, तो दुसऱ्या साइटवर गेलाय. वीस-बाविशीतलं पोरगं, हसत हसत सांगत होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. भरलेले 18,000 रुपये पूर्ण परत करा. शिंगलचं काम करणाऱ्या जाणकार माणसाकडून छताची तपासणी करून घ्या आणि सुटलेल्या, खडे गेलेल्या शिंगल आणि फुगलेलं प्लायवुड पावसाच्या आधी तुमच्या खर्चाने बदलून द्या. कोटेशनमध्ये आढ्याखाली तांब्याची पट्टी लावायचं लिहिलंय, ती लावलेलीच नाही, तीही लावा, पावसाचं पाणी त्यावरून वाहिलं की खाली शेवाळ कमी धरतं म्हणून तर मी ती घेतली होती. आणि छपरावर चढणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा हार्नेस, अँकर, ग्रिपचे बूट दिल्याशिवाय यापुढे वर पाठवणार नाही, हे लेखी द्या. हे दिल्याशिवाय दुरुस्तीलाही मी कोणाला शिडी लावू देणार नाही.

15 दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, फोटो आणि व्हिडिओ सगळे जपून ठेवलेत.

अजून एक, यातला एक रुपयाही त्या दोन पोरांच्या पगारातून कापू नका, तुम्ही हातात जे दिलंत तेच त्यांनी वापरलं.

आपली ग्राहक,
पाचगणी