बंधारे भरले, पण कोणत्या पाण्याने?

महोदय,

पाणलोट म्हणजे काय, हे पुरंदर तालुक्याला नव्याने सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला तो इथल्याच नायगावात. पाणी जमिनीच्या मालकीवर नव्हे, तर घरातल्या माणसांवर वाटायचे, माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मनाई. माळावर चर, ताली, नालाबांध आणि त्यांच्या खालच्या अंगाला विहीर, ही रचना आधीच्या पिढीने घाम गाळून उभी केली.

आज यातल्या कित्येक बंधाऱ्यांत उन्हाळ्यातही पाणी दिसते, कारण ते पुरंदर उपसा सिंचन योजनेतून घेतलेले असते. शेतीला या योजनेचा आधार मोठा आहे, बागा त्यावर तगल्या आहेत. पण योजना पाणी उचलते ते मुळा-मुठेतून आणि त्या नदीत पुण्याचे सांडपाणी येते हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडे पाइपातून पाणी ओढ्यात पडते तिथे पांढरा फेस साचतो आणि वाऱ्याने काठच्या गवताला चिकटतो. हेच पाणी पुढे बंधाऱ्यात थांबते, मुरते आणि पिण्याच्या विहिरीत उतरते. बंधारा बांधलाच मुळी पाणी मुरावे म्हणून.

मुरताना पाणी गाळून निघते, असा समज आहे. मातीचा थर जाड असेल तर तो काही अंशी खराही आहे. पण माळावर माती वीतभर, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा खडक. भेगांतून पाणी झपाट्याने उतरते. शिवाय सांडपाण्यामुळे वाढणारा नायट्रेट हा क्षार पाण्यात विरघळलेला असतो, तो मातीत फारसा अडत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. प्रमाण वाढले तर सर्वांत जास्त धोका तान्ह्या बाळांना, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी उकळले तरी जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

गावात रोज होते ती ओटी टेस्ट. नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, एवढेच तिच्यातून कळते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच हाताळायला शिकवायचे ठरले. आमच्या गावातल्या महिलांनी विहिरीचे पाणी जिवाणू तपासणीच्या बाटलीत भरून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी ते काळेकुट्ट झाले होते. म्हणजे पाण्यात मैला मिसळत असल्याची दाट शक्यता. वहीत नोंद झाली, पण ती ग्रामसभेत वाचली गेली नाही. याचा मला मनापासून राग येतो. घरचे, रानातले काम सांभाळून ज्यांनी हे केले, त्यांचा निकाल गावाला कळायलाच हवा.

माझी मागणी साधी आहे. पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाचे बंधारे फक्त पावसाच्या पाण्यासाठी राखून ठेवावेत. योजनेचे पाणी अस्तर घातलेल्या शेततळ्यांत किंवा विहिरीच्या खालच्या बंधाऱ्यांत घ्यावे. कोणता ओढा कुणाच्या विहिरीला पाझरतो, हे गावातल्या जाणत्यांना तोंडपाठ असते. एका शिवारफेरीत यादी तयार होईल. विहिरीलगतचे उकिरडे आणि शोषखड्डेही त्याच फेरीत हेरून हलवता येतील. हिवरे बाजार पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडते. आपणही तो मांडावा आणि त्यात पाणी किती याबरोबर पाणी कसे, हाही रकाना असावा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रयोगशाळेचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, असा अर्ज आम्ही काही जणांनी दिला आहे. आजूबाजूच्या गावांनीही तो द्यावा, कारण वरच्या गावाने बंधाऱ्यात घेतलेले पाणी आमच्या विहिरीत येते आणि आमचे खालच्या गावाच्या.

– एक वाचक, ता. पुरंदर, जि. पुणे