चढाचे सगळे सांगतात, उताराचे कोण सांगणार?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इटलीच्या डोंगरांतल्या सायकल सहलींवरचा लेख वाचला. फोटो बघताना मन पुन्हा तिथे जाऊन पोहोचले, कारण गेल्या जुलैत मी त्याच रस्त्यांवर होते. लेखात घाटांची उंची होती, चढाची टक्केवारी होती, हॉटेलातल्या जेवणाचे वर्णनही होते. उताराबद्दल मात्र एक ओळसुद्धा नव्हती. आमच्या गटातल्या एका काकांचे कॉलरबोन तिथल्या उतारावर मोडले, म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडे लांबेल, पण कृपया कापू नका.

मी नाशिकला औषधांचे दुकान चालवते. वय ५४. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकलने अमेरिका ओलांडण्याची शर्यत पूर्ण केली, तेव्हा आमच्या शहरात सायकलींची जी लाट आली, तिच्यात मीही सायकल घेतली. आमचा सात जणांचा गट आहे. पहाटे दुकान उघडण्याआधी त्र्यंबक रस्ता आणि महिन्यातून एकदा नांदुरीहून सप्तशृंग गड, हा आमचा सराव. दोन वर्षे पैसे साठवून आम्ही ‘मारातोना दलेस दोलोमितेस’ला गेलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उत्तर इटलीत दोलोमिती पर्वतात, आल्ता बादिया नावाच्या खोऱ्यात, जुलैच्या सुरुवातीच्या एका रविवारी ही हौशी लोकांची सायकल यात्रा भरते. १९८७ साली पहिल्यांदा भरली तेव्हा १६६ जण होते, आता आठ हजारांच्या आसपास असतात. त्याहून कितीतरी जास्त लोक अर्ज करतात, म्हणून सहभागाच्या नंबरासाठी सोडत निघते. ला विल्ला गावातून सकाळी साडेसहाला निघायचे आणि कोर्वारा गावात संपवायचे. मार्ग तीन : ५५, १०६ आणि १३८ किलोमीटरचे. मी मधला केला. त्यात एकूण ३१३० मीटर चढ आहे. समुद्रकिनाऱ्यावरून निघून कळसूबाई जवळजवळ दोनदा चढल्यासारखे. आम्ही मुक्कामाला होतो ते कोर्वाराच १५६८ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा अवघे ७८ मीटर खाली. रात्री आपण जवळपास महाराष्ट्राच्या माथ्याइतक्या उंचीवर झोपतो आणि सकाळी उठून तिथून वर चढायला लागतो.

आता चढाबद्दल. चढ अवघड आहे, पण चढाने आमच्यापैकी कोणाला इजा केली नाही. अराब्बा गावातून पोर्दोई घाट लागतो, नऊ किलोमीटरचा, ३३ वळणांचा. प्रत्येक वळणावर आकड्याची पाटी आहे. दम लागला की वेग कमी होतो, पाय दुखले की माणूस थांबतो, केळे खातो, पुन्हा निघतो. गडाचा घाट चढणाऱ्याला ते जमते. चढावर चुकीची शिक्षा म्हणजे फार तर उशीर. उतारावर तसे नाही.

सहल मुंबईतल्या एका कंपनीने नेली होती. नाव लिहीत नाही, कारण मला भांडण करायचे नाही, बाकीच्यांनी सावध व्हावे एवढेच हवे आहे. यात्रेच्या तीन दिवस आधी सरावासाठी म्हणून कंपनीच्या माणसाने आम्हाला कांपोलोंगो घाटावर नेले. भाड्याच्या सायकली आदल्या संध्याकाळी हातात आल्या होत्या. उंच्या बघितल्या, सीट लावली, पेडल बसवले. ब्रेक कोणी बघितले नाहीत. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि डाव्या हाताला मागचा. त्या सायकलींना नेमके उलटे होते. हे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि चढताना कळायचे कारणच नव्हते, कारण चढावर ब्रेक लावतो कोण?

माथा १८७५ मीटरवर. तिथून अराब्बाकडे चार-पाच किलोमीटरचा उतार. नुकती सर येऊन गेली होती. काका माझ्यापुढे वीसेक मीटरवर होते. दुसऱ्या वळणावर समोरून मोटरसायकल आली, आणि त्यांनी आयुष्यभराच्या सवयीने डावा हात घट्ट दाबला. त्यांच्या मते तो मागचा ब्रेक होता. पुढचे चाक जागच्या जागी अडले आणि ते हँडलवरून खांद्यावर पडले. सायकलचा आवाज नाही, माणसाचा आवाज नाही, फक्त हेल्मेट डांबरावर घासल्याचा आवाज मला ऐकू आला. तो अजून कानात आहे. हेल्मेट होते म्हणून आज ते चहाला येतात.

वळणांचेही तसेच. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्या घाटात डावीकडचे वळण आवळ असते आणि शरीराला तेच पाठ असते. इटलीत रस्ता उजव्या बाजूचा. डावीकडे वळताना शरीर आपोआप आत सरकते, आणि आत म्हणजे तिथे समोरून येणाऱ्या गाडीची बाजू. यात्रेच्या दिवशी रस्ते गाड्यांना बंद असतात, पण सरावाच्या दिवशी उघडे असतात. माणसे सरावाला जातात ती याच दिवसांत.

काकांना रुग्णालयात नेल्यावर आणखी एक गोष्ट कळली. कंपनीने आम्हाला काढून दिलेल्या विम्यात सायकल स्पर्धा आणि त्यांचा सराव वगळलेला होता. बारीक अक्षरात छापलेले होते, आम्ही वाचले नव्हते, ही आमचीही चूक. पण कंपनी आम्हाला नेत कशाला होती हे तिला ठाऊक होते. वैद्यकीय प्रमाणपत्राचेही असेच झाले. स्पर्धात्मक सायकलिंगला तुम्ही योग्य आहात असे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नंबर मिळत नाही, हे आम्हाला निघण्याआधी बारा दिवस कळले. ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्टसाठी आम्ही सात जण एकाच आठवड्यात धावलो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने ही तपासणी सहा महिने आधी, शांतपणे करून घ्यायला हवी. त्यात काही निघाले तर उपचाराला वेळ मिळतो. औषधांच्या काउंटरमागे तीस वर्षे उभी राहून मी हे सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या मालकिणीने आमच्यासाठी खोऱ्यातली एक गाइड बोलावली. तिशीतली मुलगी, घरात लादिन बोलणारी. या खोऱ्यांत ही जुनी भाषा अजून जिवंत आहे, गावांच्या पाट्या तीन भाषांत असतात. यात्रेच्या नावातला ‘दलेस’ हा शब्दही लादिनच. तिने आम्हाला सायकलवर बसूच दिले नाही. त्याच घाटातल्या एका वळणावर नेऊन पायी चालायला लावले. वळणात कुठून शिरायचे, कुठे आतल्या कडेला टेकायचे, कुठून बाहेर पडायचे, ती रेषा आम्ही सहा जणांनी चालून पाहिली. मग सायकली घेतल्या. ब्रेक वळणाच्या आधी, दोन्ही मिळून, थोडा वेळ पण नेटाने, आणि वळणात शिरताना सोडायचे. पूर्ण उतारभर ब्रेक धरून ठेवले तर ते तापतात आणि हातही गळून जातात. हात हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर. बाहेरच्या बाजूचे पेडल खाली आणि सगळा भार त्या पायावर. नजर चाकापुढे नाही, वळण संपते तिथे. ती पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणायची, ‘बघ’. एका वळणावर आम्ही अकरा वेळा वर गेलो आणि खाली आलो. अडीच तास लागले. त्या अडीच तासांनी माझे सायकल चालवणे बदलले. आठ वर्षांत मला हे कोणी शिकवले नव्हते, आणि मी कोणाला विचारलेही नव्हते.

यात्रेचा दिवस सुंदर होता, हे मी खोटे सांगणार नाही. मोटरचा आवाज नसलेला घाट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. हजारो साखळ्यांची खसखस, लोकांचा श्वास आणि वरच्या कुरणातल्या गाईंच्या घंटा. पोर्दोईचा माथा २२३९ मीटरवर. तिथे फाउस्तो कोप्पी या थोर इटालियन सायकलपटूचे स्मारक आहे. घामाने अंग भिजलेले, वारा असा की बोटे वळेनात. जुलै महिना असून. रस्त्याकडेला एक आजोबा वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन उभे होते. ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’, गुलाबी कागदाचे. इटलीच्या मोठ्या शर्यतीत पुढे असणाऱ्याची जर्सी या कागदावरूनच गुलाबी झाली. त्यांनी एक अंक उलगडला, अर्धा दुमडला आणि खुणेने सांगितले, जर्सीत घाल, छातीवर. मी घातला, जर्सीची चेन वर ओढली. कागद कुरकुरला आणि वारा थांबला. पूर्वी शर्यतीतले लोक असेच करायचे, हे मला नंतर कळले. खालपर्यंत माझी बोटे ब्रेकवर नीट चालली. तो अंक घामाने चिकटून फाटला, तरी घडी करून घरी आणला आहे.

पुढे सेल्ला, गार्देना, पुन्हा कांपोलोंगो, मग फाल्झारेगो आणि वालपारोला. फाल्झारेगोच्या आधी मोठ्या मार्गाचा फाटा फुटतो, तो जिआऊ घाटावर जातो. दहा किलोमीटर, सरासरी नऊ टक्क्यांहून जास्त चढ. माझी वेळ अजून उरली होती, पाय नव्हते. दमलेल्या पायांनी जिआऊ चढता येईलही, पण दमलेल्या हातांनी तो उतरायचा कसा, असा विचार करून मी सरळ गेले. आमच्या गटातल्या दोघांना हे कमीपणाचे वाटले. मला नाही वाटले.

तर संपादक महोदय, माझी विनंती अशी. असे लेख छापताना शेजारी एक छोटी चौकट द्यावी : प्रमाणपत्र काय लागते, विम्यात काय बघायचे, ब्रेक कोणत्या हाताला आहेत ते पहिल्याच दिवशी तपासायचे, आणि उतरणे शिकवणारा माणूस सहलीत आहे का. सहल विकणाऱ्या कंपन्यांनी पहिला दिवस फक्त उतारासाठी ठेवावा. आणि ज्यांना नंबर, वेळ, सोडत हे काही नको असेल त्यांना हेही सांगावे, की एरवी जूनमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये एक असा दिवस असतो, जेव्हा सेल्ला पर्वताभोवतीचे चारही घाट गाड्यांना बंद ठेवून सायकलींना मोकळे सोडतात. त्याला नावनोंदणी नाही, शुल्क नाही. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्या साठीच्या माणसाने त्यालाच जावे.

काकांचा हात आता खांद्याच्या वर जातो, पण पूर्ण नाही. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही गडाच्या घाटात एक वळण निवडले आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला, देवीच्या यात्रेची गर्दी नसेल तेव्हा, दोघे जण वर-खाली गाड्यांवर लक्ष ठेवतात आणि बाकीचे ते वळण आधी चालून, मग सायकलवर, पुन्हा पुन्हा उतरतात. काका कडेला उभे राहतात आणि प्रत्येकाला ओरडून सांगतात, ‘बघ’.

आपली,
एक वाचक, नाशिक
(नाव कळवले आहे, छापू नये.)