जखमींवर उपचार होतात, चौकावर कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वाहनाची धडक बसलेल्या माणसांना पुन्हा उभे करणे, चालवणे हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. वर्तमानपत्रात त्यांची बातमी तीन-चार ओळींत येते आणि ‘प्रकृती स्थिर’ या शब्दांवर संपते. पुढचे महिने माझ्यासमोर जातात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या वस्तीत शाळेजवळ एक चौक आहे. रस्ता रुंद आणि सरळ, त्यामुळे वाहने भरधाव येतात. चारही कोपऱ्यांना मोठी गोलाई दिलेली असल्याने वळतानाही कोणाला वेग कमी करावा लागत नाही. झेब्रा पट्ट्यांना खेटून गाड्या उभ्या असतात. त्यांच्या आडून बाहेर पडणारे मूल चालकाला दिसते तेव्हा ते आधीच रस्त्यावर आलेले असते. याच चौकात एका निवृत्त शिक्षिकेला वळणाऱ्या गाडीने उडवले. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा होता आणि बाई पट्ट्यांवरूनच चालत होत्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, एक्स-रेमध्ये हाड नीट जुळलेले दिसते, मांडीच्या स्नायूंतही ताकद परत आली आहे. तरीही बाई फाटकापर्यंत येतात, समोरून गाडी गेली की कठडा घट्ट धरतात आणि मागे फिरतात. एकटीने वाचनालयात जाणे, मैत्रिणीकडे जाणे सारे थांबले. चालणे थांबले की स्नायू पुन्हा झिजतात, तोल जातो आणि घरातल्या घरात पडण्याचा धोका वाढतो. त्या भीतीवर माझ्याकडे व्यायाम नाही.

नडगीत सळी घातलेला एक शाळकरी मुलगा माझ्याकडे येत होता. पार्सल पोहोचवणारा एक तरुणही येत होता, त्याचा गुडघा अजून पूर्ण वाकत नाही. धडक नेमकी कुठे बसली, गाडी कोणत्या बाजूने आली, हे मी आता प्रत्येकाला विचारते. या दोघांनीही तोच कोपरा सांगितला, तेच वळण सांगितले. वेगवेगळे चालक, वेगवेगळ्या वेळा आणि जागा मात्र एकच. अशा वेळी दोष फक्त माणसांत शोधणे मला पटत नाही.

वेगाचे गणित शाळेतल्या पदार्थविज्ञानाचे आहे. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला समोर मूल दिसले आणि ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या ब्रेकवर गाडी सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ने येणारी गाडी तेवढे अंतर नुसत्या त्या एका सेकंदात कापते. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहते, तिथे दुसरीचा वेग अजून कमी व्हायलाही लागलेला नसतो. हा फरक हाडांवर कसा उमटतो ते मी पाहते.

सिग्नलचेही तसेच. माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे धरून पादचाऱ्यांची वेळ ठरवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्या हिशेबाने १४ मीटर रुंद रस्त्याला १२ सेकंद पुरतात. वॉकर घेतलेला माझा रुग्ण सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर सरकतो, त्याला २८ सेकंद हवेत. दिवा बदलतो तेव्हा तो अर्ध्या वाटेवरही पोहोचलेला नसतो आणि मध्ये थांबायला दुभाजकावर जागा नाही. मग घरचे म्हणतात, बाहेर जाऊच नका.

प्रत्येक धडकेनंतर ‘लोकांना शिस्त नाही’ असे म्हटले जाते. शिस्त हवीच, दारू पिऊन किंवा फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याला शिक्षाही हवी. पण माणूस चुकणारच, आणि त्या चुकीची किंमत त्याचा किंवा दुसऱ्याचा जीव असता कामा नये, हे गृहीत धरून रस्ते आखता येतात. स्वीडनने १९९७ मध्ये हेच राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा पालक रस्त्यावर उतरले, आणि आज ज्यांचे कौतुक होते ते तिथले सायकलचे सुरक्षित मार्ग त्या लढ्यातूनही आले. ऑस्लो शहरात २०१९ या पूर्ण वर्षात एकही पादचारी किंवा सायकलस्वार रस्त्यावर मेला नाही. वेगमर्यादा कमी करणे, शाळांभोवती गाड्या थोपवणे, रस्त्याकडेची पार्किंगची जागा काढून घेणे अशी कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली होती. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभर वर्षाला सुमारे ११.९ लाख माणसे रस्त्यांवर मरतात, आणि ५ ते २९ वयोगटात मृत्यूचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. जखमींचा अंदाज दोन ते पाच कोटींचा आहे. एवढी मोठी तफावत का? कारण जखमींची नोंदच धड होत नाही. चौक दुरुस्त करायला आधी कोणी तरी मरावे लागते, ही गोष्ट मला असह्य होते.

आमच्या चौकाला उड्डाणपूल नको आहे. पादचारी पूल तर नकोच, कारण गुडघ्याच्या रुग्णाला जिने चढायला लावून गाड्यांना मोकळा रस्ता देणे हा उलटा न्याय झाला. कोपऱ्यापासून काही मीटरपर्यंत पार्किंग बंद करून तिथे खांब रोवावेत, नुसता फलक लावला तर दुसऱ्या दिवशी त्याखालीच गाडी उभी राहते. कोपऱ्याची गोलाई कमी करावी, म्हणजे वळताना वेग आपोआप उतरेल. हे आधी रंग आणि खांब वापरून करून पाहता येते, परिणाम दिसला की पक्के बांधकाम करावे. दुभाजकात थांबायला जागा द्यावी आणि गाड्यांच्या आधी काही सेकंद पादचाऱ्यांना हिरवा दिवा मिळावा, म्हणजे वळणाऱ्या चालकाला माणसे आधीच समोर दिसतील. गतिरोधकाबाबत एक विनंती आहे. अचानक उभे राहणारे उंच उंचवटे पाठीच्या रुग्णांना आणि रुग्णवाहिकेतल्या माणसांना फार दुखवतात. त्याऐवजी झेब्रा पट्टेच सौम्य उताराने पदपथाच्या पातळीला उचलावेत. त्याने गाड्याही हळू होतात आणि वॉकरलाही अडथळा येत नाही.

रस्ते विभागाच्या अभियंत्यांनी शाळा सुटण्याच्या वेळी एकदा माझ्या एखाद्या रुग्णासोबत, त्याच्याच चालीने हा चौक ओलांडावा. मी सोबत येईन. आपल्यालाही एक विनंती आहे. धडकेच्या बातमीत रस्त्याची रुंदी, तिथली वेगमर्यादा, ओलांडण्याची सोय आणि त्याच जागी आधी झालेल्या धडका यांची माहिती द्यावी. महिन्याभराने आपला बातमीदार पुन्हा त्या जागी पाठवावा आणि तिथे काय बदलले, हेही छापावे.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट