गोष्टी मोबाईलवर आहेत, वर्गात नेट नाही

मा. संपादक,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या दुसरीच्या वर्गात बहुतेक मुलं घरी कोंकणी बोलतात, दोघं कन्नड, आणि पुस्तक मराठी. 'पाणी' शब्द आला की कोण 'उदक' म्हणतो कोण 'नीरु', आणि मला ते चूक वाटतच नाही, तिथूनच तर भाषा शिकवायला सुरवात होते.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाईटवर २०१५ पासून चित्रगोष्टी फुकट आहेत, मराठीत आहेत, कोंकणीतही आहेत, डाऊनलोड करून प्रिंट काढायला पण परवानगी आहे. मी आधी कोंकणीत वाचून दाखवते मग मराठीत, आणि एवढे दिवस तोंड न उघडणारी मुलगी परवा चित्रावर बोट ठेवून म्हणाली, बाई, हें माजर न्हय, मांजर! कोंकणीतलं माजर मराठीत मांजर होतं, तो अनुस्वार तिचा तिनेच पकडला.

पण शाळेत रेंज मिळत नाही हो, मी रात्री घरी डाऊनलोड करते आणि सकाळी माझ्याच छोट्या मोबाईलभोवती वीस मुलं डोकी घालून बसतात, मागच्यांना काही दिसत नाही. सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवर पाठ आहेत, पुस्तकात त्यांचे क्यूआर कोड आहेत, ते उघडणार कशावर?

शिक्षण खात्याला कळकळीची विनंती, प्रत्येक शाळेला एक प्रोजेक्टर आणि गोष्टी भरलेला एक पेन ड्राईव्ह द्या. नेट येईल तेव्हा येईल.

— एक शिक्षिका, सत्तरी