भिलारच्या काकींना, राहिलेल्या सोळा पानांसह

काकी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांदेखत लिहितोय. तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही ते फडताळात सरकवून "आधी चहा घ्या" म्हणाला असता. ओळख पटावी म्हणून सांगतो: पांढरी एर्टिगा, डाव्या दाराला पोचा, आणि तुमच्या अंगणातल्या फणसाखाली गाडी लावायची सवय. तुमचा डायवरदादा.

2020 च्या टाळेबंदीत आमचा छापखाना बंद पडला. अठरा वर्षं मी तिथे अक्षरजुळणी करत होतो. मालकांनी यंत्रं विकली, मी गाडी घेतली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, पुण्यात आमच्यासारखे पुष्कळ निघाले. पण एक गोष्ट तेव्हा घरातही बोललो नव्हतो. पुस्तक हातात धरवत नव्हतं. उघडलं की नजर थेट ऱ्हस्व-दीर्घावर, शब्दांमधल्या सुट्या जागांवर, पान कुठे तुटलंय यावर. आणि मग आठवायचं की आता हे आपलं काम नाही. पुस्तक मिटायचं.

नशीब असं की पर्यटक घेऊन जायची माझी ठरलेली वाट पुस्तकांच्या गावावरून जाते. खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी, भिलार. मेणवलीला थांबून "हाच तो 'स्वदेस'मधला घाट" म्हणायचं, नाना फडणवीसांचा वाडा दाखवायचा. (घाटावर वीस फोटो, वाड्यासमोर एक.) भिलारला पोहोचलो की पोपटासारखं सुरू: वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून कल्पना सुचली, 4 मे 2017 ला उद्घाटन झालं, गावातल्या 25 जागी पंधरा हजार पुस्तकं ठेवून सुरुवात केली, लोकांच्या राहत्या घरांतसुद्धा. मग कुणीतरी विचारायचं, "विकत मिळतात?" नाही, फुकट बसून वाचायची. मग पुढचा प्रश्न, "आणि स्ट्रॉबेरी?"

एवढं सगळं पाठ होतं, पण पहिल्या वर्षभरात मी एकाही घरात शिरलो नव्हतो.

2022 च्या नोव्हेंबरातला तो दिवस तुम्हाला आठवणार नाही. पार्टी आत जेवत होती, मी गाडीत. तुम्ही ओसरीवरून हाक मारलीत, "ओ डायवरदादा, उन्हात काय बसलाय? आत या, वाचा काहीतरी." मी म्हणालो, मला नाही वाचता येत. मला म्हणायचं होतं वाचवत नाही. तुम्हाला वाटलं, अक्षरओळख नाही. क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "मग मी वाचते, तुम्ही ऐका." इतकं सरळ! शरमेनं मी आत आलो आणि खरं काय ते सांगून टाकलं. तुम्ही ना हळहळलात, ना उपदेश केलात. राज्य मराठी विकास संस्थेनं ठेवलेल्या पुस्तकांच्या कपाटाकडे गेलात, जरा विचार केलात आणि आतल्या खोलीतून वेगळंच पुस्तक घेऊन आलात. "हे सरकारी नाही. आमच्या मामंजींचं आहे. बाबूराव अर्नाळकर."

खरं सांगतो, मनात नाक मुरडलं. छापखान्यात आम्ही मोठमोठ्या लेखकांच्या कादंबऱ्या जुळवलेल्या. आणि हा माणूस हजारावर रहस्यकथा लिहून गेलेला, झुंजार नि काळापहाड हे त्याचे नायक, एसटी स्टँडवर वाचायची पुस्तकं. पण पान उलटलं आणि बोटांना ते जाणवलं. खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची छपाई. मागच्या बाजूनं अक्षरांचे उठाव लागतात ना, तसे. माझे वडील खिळेच जुळवायचे. संध्याकाळी त्यांच्या बोटांना येणारा शाईचा आणि रॉकेलचा वास त्या ओसरीवर आला. चुका तर पुष्कळ होत्या, एका पानावर नायकाचं नावच उलटं पडलेलं. पण तिसऱ्या पानावर मुडदा सापडला, आणि नंतर माझं चुकांकडे लक्षच गेलं नाही. पार्टी हॉर्न वाजवत होती तेव्हा मी सव्विसाव्या पानावर होतो.

तुम्ही एसटीचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलंत आणि पुस्तक पुन्हा आत नेऊन ठेवलंत. दहा-पंधरा दिवसांनी आलो की तिकीट त्याच पानात असायचं. बाहेर वाफ्यांवर प्लास्टिक अंथरलेलं, स्ट्रॉबेरीची रोपं आधी फुलावर, मग फळावर, आणि मी वीस-वीस पानं पुढे. जानेवारीत शेवटाला आलो तर शेवटची सोळा पानं गायब! एक फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेली सोळा पानांची घडी, सुटला होता, शिवण उसवलेली. मी कपाळावर हात मारला. तुम्ही स्ट्रॉबेरी निवडता निवडता म्हणालात, "अहो, मामंजींनी सांगितलाय मला शेवट," आणि सांगितलात. चोर सुटतो, वाईला जातो, घाटाजवळ वडापावची गाडी टाकतो.

परतताना पसरणी घाटात माझ्या डोक्यात दिवा लागला. पुस्तकाच्या पाठीवर किंमत आठ आणे होती. म्हणजे 1957 साली नवे पैसे आले त्याच्याही आधीचं पुस्तक. आणि वडापाव दादरला सुरू झाला तो 1966 च्या सुमाराला. झुंजारनं धरलं असतं तुम्हाला काकी!

पण मी बोललो नाही. त्या रात्री घरी जाऊन जुना संगणक चालू केला. अक्षरजुळणीची श्रीलिपी अजून उघडत होती.

आता दिवसा गाडी आणि रात्री थोडं काम, असं चाललंय. एका मास्तरांचा कवितासंग्रह जुळवला, मग दिवाळी अंकाची चाळीस पानं. पैसे फार नाहीत. मध्ये एक कॉलेजची मुलगी गाडीत होती, 2013 चा 'दुनियादारी' तिला पाठ. कादंबरीवरून काढलाय म्हटल्यावर म्हणाली, "पुस्तकपण आहे?" पूर्वी मी मनातल्या मनात हसलो असतो. त्या दिवशी सुहास शिरवळकर कोण, ते सिनेमाच्या दहा वर्षं आधीच कसे गेले, हे पाचगणी येईपर्यंत सांगत बसलो. भिलारला उतरल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल? स्ट्रॉबेरी नाही.

तर आभार मानतो, काकी. हलकं पुस्तक हलकं न मानता दिल्याबद्दल. ती खूण हलू न दिल्याबद्दल. आणि "मग मी वाचते" याबद्दल, त्याला तर माझ्याकडे शब्द नाही.

अप्पा बळवंत चौकात एका जुन्या पुस्तकवाल्याकडे मला त्याच रहस्यकथेची अख्खी प्रत मिळाली. नाव इथे लिहीत नाही, कुणीतरी शेवट फोडेल. छापील शेवट वेगळा आहे. त्यात वाई नाही, वडापाव तर नाहीच. ती सोळा पानं मी नव्यानं जुळवली आहेत, मामंजींच्या प्रतीच्याच मापात. वडिलांचा दाभण आणि दोरा घेऊन पुढच्या फेरीला येतोय, शिवून देतो. सोबत आणखी एक पान आहे, तुमचा शेवट. तो कुठे शिवायचा ते तुम्ही सांगा.

तुमचा,
डायवरदादा