पाण्याचे कॅन भरू नका

कर्वेनगर, पुणे
१४ सप्टेंबर २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

बाबा, आधी कामाचं सांगतो. टाकीसाठी समुद्राच्या पाण्याचे ते दोन कॅन भरू नका. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, नारळीपौर्णिमा होऊन महिना झाला, पाणी निवळायला लागलंय, कॅन धुऊन पडवीत पालथे घातलेत, दसऱ्याला येताना घेऊन येतो. मी 'हो हो' केलं आणि पावसाचा विषय काढला. फोन ठेवल्यावर तुमची सूनबाई म्हणाली, "आता तरी सांग." फोनवर मला ते जमत नाही. तुम्ही स्पीकर लावता, आई मागून काहीतरी विचारते आणि माझं वाक्य अर्ध्यावरच राहतं. म्हणून पत्र.

माशांची ती खाऱ्या पाण्याची टाकी आता घरात नाही. जूनमध्येच देऊन टाकली. तीन महिने दर रविवारी तुम्ही "बाईसाहेब कशा आहेत?" विचारता आणि मी "मजेत" म्हणतो. तसं ते खोटं नाही. मजेतच आहेत, पण पिंपळे सौदागरला.

चिडू नका. पहिल्यापासून सांगतो, कारण काही गोष्टी तुम्हाला अर्ध्याच माहीत आहेत.

मी चौथीत असताना तुम्ही मला मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं होतं. आठवतं? "दारात समुद्र आहे आणि हा काचेतला बघायला तिकीट काढतोय," असं तुम्ही रांगेत म्हणाला होता. मला मात्र ती काच डोक्यात बसली. मुरूडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्र वरून दिसतो. आत काय चाललंय ते आपल्याला फक्त जाळ्यात आल्यावर कळतं, तेव्हा ते मेलेलं असतं.

तर २०१९ च्या दिवाळीनंतर टाकी आली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड उंच, म्हणजे अडीचशे लिटरच्या थोडं वर. खाली संप, म्हणजे पाणी गाळायची दुसरी छोटी टाकी, त्यात फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर. पाणी, दगड, काच, स्टँड धरून चारशे किलोच्या आसपास वजन, म्हणून ती हॉलच्या मधे न ठेवता बीमच्या भिंतीला लावली. आई, तू तेव्हा इथे होतीस. मी पाण्यात एक कच्ची कोळंबी टाकली आणि कुजू दिली, तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "खायची सोडून कुजवत ठेवलीस?"

मी तुला समजावलं होतं. कोळंबी कुजली की अमोनिया होतो, तो माशांना विष. पण त्यावर जगणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट. त्यांची वस्ती दगडात बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासा सोडायचा नाही. तू एवढंच म्हणालीस, "म्हणजे विरजण लावलंयस." एवढ्या सोप्या शब्दांत मला ते नंतरही कुणाला सांगता आलं नाही. रोज रात्री नळीत थेंब टाकून रंग बघायचो. सदतिसाव्या दिवशी अमोनियाही शून्य, नायट्राइटही शून्य. लागलं विरजण.

आणि बाबा, तुमचं पाणी. बंदराजवळचं नको, डिझेलचा तवंग असतो, असं मी नुसतं बोलता बोलता म्हटलं होतं. तुम्ही सत्तराव्या वर्षी भरतीच्या वेळी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरलेत, आईच्या जुन्या पातळाच्या चौघडीतून गाळलेत आणि एसटीने स्वारगेटला घेऊन उतरलात. मी रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला तर बरोब्बर ३५, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. पुस्तकात असतं तेवढंच. तुम्ही असे खूश झालात जणू ते मीठ तुम्हीच मोजून घातलं होतं. पुढे एकदा श्रावणात आणलंत ते २८ भरलं. खाडीतून पावसाचं पाणी येत होतं. तेव्हापासून दिवाळीच्या आधी पाणी भरायचं नाही हा नियम तुम्हीच केलात. यंदा तो मोडताय, हेही सांगून ठेवतो.

आता एक छोटी कबुली. दर आठवड्याला पंचवीस लिटर पाणी बदलावं लागायचं. तुमचे चाळीस लिटर म्हणजे दीड आठवड्याचा शिधा. बाकी सगळं मी बादलीत आरओच्या पाण्यात विकतचं मीठ कालवून करत होतो. तुम्ही शेजाऱ्यांना सांगायचात, "पुण्यात माझ्या मुलाकडे मुरूडचा समुद्र आहे." मी कधी दुरुस्ती केली नाही.

जानेवारी २०२० मध्ये क्लाउन माशाची ती दोन पिल्लं आली. मोठ्याला तुम्ही 'रावसाहेब' म्हणालात. क्लाउनची पिल्लं सगळी नरच असतात. जोडीतलं जे दांडगं असतं ते मादी होतं आणि ती मेली तर उरलेला नर मादी होतो. वर्षभरात रावसाहेब बाई झाले, हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही जरा वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "बरं, बाईसाहेब म्हणू." २०२२ मध्ये त्यांनी दगडाला नारिंगी अंडी चिकटवली. नर रात्रंदिवस पंखांनी वारा घालत उभा. आठव्या रात्री दिवे गेल्यावर ती फुटली आणि सकाळपर्यंत एकही पिल्लू उरलं नव्हतं. त्यांना पहिल्या दिवसापासून डोळ्यालाही दिसणार नाही असं जिवंत खाणं लागतं, आणि बहुतेक फिल्टरमध्ये गेली. तुम्ही बारशाची तारीख विचारत होता.

प्रवाळांचं म्हणाल तर मी मऊ जातीचीच ठेवली. लेदर, मशरूम, झोआ. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. एका दुकानात माणसाने हळूच मोबाइलवर फोटो दाखवून भाव सांगितला होता. मी माशांचं खाणं घेऊन बाहेर पडलो. फार सज्जनपणा होता असं नाही, तो भावही मला झेपणारा नव्हता.

३ जून २०२० चं तुम्हाला कधी सांगितलं नाही. निसर्ग वादळ आलं, तुमचे फोन दुपारीच गेले. इकडे कर्वेनगरात झाडं पडली आणि लाईट गेली. पंप बंद म्हणजे पाणी हलत नाही, हललं नाही तर प्राणवायू संपतो. सेलवरचा एक छोटा पंप होता, तो रात्री दहाला थकला. मग मी स्टुलावर बसून तांब्याने टाकीतलं पाणी काढून फूटभर उंचीवरून परत टाकीत ओतत होतो. ओता, पाच मिनिटं थांबा, पुन्हा ओता. डाव्या हातात फोन, तुमचा नंबर पुन्हा पुन्हा. 'संपर्क क्षेत्राबाहेर.' पहाटे तीनला लाईट आली. तुमचा फोन आला सातव्या दिवशी, कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून तुम्ही दापोलीपर्यंत आला होता. म्हणालात, "कौलं गेली, पोफळी झोपल्या, आम्ही दोघं बरे. मासे आहेत ना?"

त्या रात्री मला कळायला हवं होतं की हे आपल्या आवाक्यातलं काम नाही. उलट मी आणखी सामान घेतलं. इन्व्हर्टर, पाणी हलवणारा दुसरा वेव्हमेकर, मोबाइलवर तापमान दाखवणारा सेन्सर. एप्रिल-मे साठी पाणी थंड करणारा चिलर, कारण पाणी २६ च्या आसपास ठेवायचं आणि हॉलमध्ये ३५. उन्हाळ्यात रोज चारेक लिटर पाणी उडून जायचं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भर गोड्याचीच. आई म्हणायची, "रोज समुद्राला पाणी पाजतोस." वीजबिलाचं ती कधी काही म्हणाली नाही, तुमची सूनबाई म्हणाली.

आणि घर सोडता येईना. गणपतीला दीड दिवस. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी सकाळी येऊन रात्री परत. "ऑफिस आहे" असं सांगायचो. ऑफिस होतं, पण रजाही होती.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला बसलो ते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तुम्ही विहिरीच्या काठाशी घसरलात, खुबा मोडला. आम्ही तिघं रात्रीच निघालो. चिपळूणच्या हॉस्पिटलात सहा दिवस होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी फोनवर सेन्सरने २९ दाखवलं. त्या आठवड्यात शिवाजीनगरचा पारा ४१ च्या वर गेला होता. चिलर शॉर्ट झाला, एमसीबी पडला आणि त्याच्याबरोबर पंपही. किल्ली शेजारच्या काकांकडे होती, त्यांना फोन केला. त्यांनी बिचाऱ्यांनी फ्रीजरमधल्या पाण्याच्या बाटल्या आणून टाकीत तरंगत ठेवल्या. बटण वर केलं की परत पडत होतं. ३१. पाऊणेबत्तीस. त्याच वेळी डॉक्टर बाहेर येऊन ऑपरेशनबद्दल सांगत होते. रॉड, प्लेट, किती दिवस पाय टेकवायचा नाही. मी मान हलवत होतो. ते गेल्यावर मला दादाला विचारावं लागलं, काय म्हणाले. दादा माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याने हातातला फोन बघितला होता.

परत आलो तेव्हा जिन्यातच वास आला. लेदर प्रवाळ, ताटलीएवढा झाला होता, तो बोट लावलं की साबणासारखा निसटत होता. बाकीचे मासे वर. क्लाउन दोघं मात्र कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, दम टाकत, जिवंत. झोआचा एक दगडही वाचला. ती जात चिवट. तुम्ही वॉकरवर होता. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही 'माझ्यामुळे' म्हणाला असता, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. चिलर तीन-चार वर्षांचा होता, त्याचं नीट सर्व्हिसिंग मी केलं नव्हतं. तो घरी असतानाही जाणारच होता. एवढं माझ्यावर सोडा.

वर्षभर ती जोडी आणि झोआचा दगड एवढ्यावरच टाकी चालवली. नवीन काही आणावंसं वाटेना. मागच्या मे महिन्यात तुमची नात म्हणाली, "आपण आजोबांकडे महिनाभर राहू या ना." मी सवयीने 'टाकी' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आई, तू एकदा म्हणाली होतीस, नको असेल तर समुद्रात सोडून दे की. ते करू नये. ही जोडी हॅचरीतली, म्हणजे माशांची पैदास करतात तिथली, आपल्या किनाऱ्यावरची नव्हेच, शिवाय घरच्या पाण्यातले रोग घेऊन जाते. पिंपळे सौदागरच्या एका हौशी गृहस्थांची पाचशे लिटरची टाकी आहे. त्यांना मासे दिले, दगड दिले, पैसे घेतले नाहीत. काच वारज्यातला एक कॉलेजचा मुलगा घेऊन गेला. तो त्यात गोड्या पाण्यातली झाडं लावणार आहे.

रिकामी करायला अख्खा रविवार गेला. जाळीने क्लाउन सापडेनात. पाणी चार बोटं उरलं तेव्हा बाईसाहेब आडव्या होऊन माझ्या हाताला चावल्या. दगड उचलले तर खालून केसाळ किडे, वीतभर लांबीचे, पाच वर्षं माझ्याच घरात राहिलेले आणि मला एकदाही न भेटलेले. मग वरून पाणी पडायच्या खणात, कोपऱ्यात, काचेला चिकटलेलं एक शिंपलं दिसलं. अंगठ्याच्या नखाएवढं, खडबडीत, रिकामं, वरची झाकणी गेलेली. तसलं मी कधी विकत आणलं नव्हतं. मला ते कालवाचं वाटतं. पातळाच्या चौघडीतूनही काहीतरी सुटलं असणार, बाबा. कधी चिकटलं, किती दिवस जगलं, कधी मेलं, काही पत्ता नाही.

ब्लेडने जपून सोडवलं. कापसात गुंडाळून या पाकिटातच घातलंय. आई, पोस्टात चुरा झाला नाही तर बघून सांग, कालवच ना ते? तुझ्या कोयतीखालून इतकी गेली आहेत, तुला एका नजरेत कळेल.

टाकीची भिंत मिठाने पोपडे धरून पांढरी झाली आहे. रंगारी दसऱ्याच्या आत येतो म्हणालाय. बाबा, तिथे तुमची कॉट टाकतोय, बाथरूम चार पावलांवर आहे. डोकं खिडकीकडे हवं की भिंतीकडे, तेवढं रविवारी सांगा. कॅन कोरडेच राहू देत. फार तर एकात आगळ भरून आणा, पण अर्धाच, आणि उचलायला दादाला सांगा.

तुमचा,
धाकटा